पाणियाऱ्याकडची पावलं

त्या दिवशी डाळ शिजत नव्हती. मी चुकून नळाचं पाणी घातलं होतं, आणि आमच्या मांगरोळ बंदराच्या नळाच्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत उकळली तरी टणक राहते. प्यायला आणि स्वयंपाकाला अंगणाखालच्या टाक्यातलं पावसाचं पाणी, बाकी सगळ्याला नळाचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

"शाळेत पोरांना पाण्याचा कठीणपणा शिकवते, आणि घरी डाळीला नळ!" बा, म्हणजे माझी आई, म्हणाली.

"राहू दे ती डाळ," बापुजी न्हाणीतून ओरडले. "बोटीवर नेतो. जाळ्याला शिशाच्या गोळ्या कमी पडतायत."

बा तोंडाला पदर लावून हसली. बापुजी बाहेर आले ते ओल्या पायांनीच. समुद्रावर निघणाऱ्याने पाय पुसायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. न्हाणीपासून उंबऱ्यापर्यंत काळ्या फरशीवर त्यांची पावलं उमटली. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. ती लहानपणी दोरात अडकून गेली होती. पाणी वाळलं की ती पावलं पांढरी होतात. नळाच्या पाण्यातला चुना तो. साध्या फडक्याने निघत नाही, चिंचेचा कोळ चोळावा लागतो. बोट परत आली की बा चिंच भिजत घालते. त्याआधी त्या पावलांना कुणी हात लावायचा नाही.

"मास्तरीणबाई," उंबऱ्यावरून ते म्हणाले, "डाळ शिजली की कळवा."

वादळ अवेळी आलं. बंदरातल्या बाकीच्या बोटी परतल्या. आमच्या 'हरसिद्धी'ची एक फळी कुणाच्या तरी जाळ्यात आली. शोध थांबवल्याचं सांगायला माणसं आली, चहा न पिता गेली. फरशीवरची पावलं पांढरी होऊन तशीच राहिली.

बाने बांगड्या उतरवल्या नाहीत. पाणियाऱ्यावर, म्हणजे घडे ठेवायच्या दगडी ओट्यावर, घरातल्या गेलेल्यांसाठी दिवा लागतो. तिथं बापुजींच्या नावाचा दिवा लावायचा म्हणजे ते गेले हे मान्य करायचं. बा तिकडे बघतही नसे.

"लखमी, दिवा लाव गं," माझी जेठीकाकी एकदा म्हणाली. "खाऱ्या पाण्यातला माणूस. तहानलेला राहील."

"बोटींना उशीर होतो कधीकधी."

"विचार तुझ्या शिकलेल्या पोरीला, एवढा होतो का ते."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी घड्यावरचं झाकण नीट केलं.

मग एका सकाळी उंबऱ्याच्या आत दोन पावलं दिसली. जुन्या पावलांची बोटं दाराकडे होती, यांची घराकडे. तीही पांढरी. डाव्याला करंगळी नव्हती.

बाने काहीतरी केलं असेल, असं मला वाटलं. दुःखात माणसं काय काय करतात, ते मी पुष्कळ वाचलं आहे. मी ओलं फडकं फिरवलं, आणि ती पावलं सहज निघाली. चुना असा निघत नाही. मी बोट जिभेला लावलं. मीठ.

दुसऱ्या दिवशी ती परत तिथंच होती, आणि त्यांच्यापुढे आणखी दोन. दाराला आतून कडी होती. अंगणातल्या वाळूवर एकही खूण नव्हती. खारा वारा, भिंतीतून झिरपणारा ओलावा, सगळी कारणं मी स्वतःला वर्गात सांगावीत तशी सांगून पाहिली. पण कुठलंही कारण नेमकी डावी करंगळी गाळत नाही, एवढंच उरलं. संध्याकाळी हवा दमट झाली की ती पावलं पाझरायची, जशी मिठाची बरणी पाझरते. जुनी पावलं मात्र कोरडी ठणठणीत असायची.

मी रोज रात्री पुसत होते. ती रोज पुढे येत होती. बा खाटेवरून बघायची. तिचे ओठ फुटले होते. टाक्याचं पाणी दिलं तर म्हणायची, "गोड लागतं गं. नको."

एक दिवस पावलं पाणियाऱ्यापाशी पोचली. दोन्ही शेजारीशेजारी, घड्यांकडे बोटं करून उभी. तिथली फरशी दिवसभर वाळलीच नाही. घड्यातलं पाणी होतं तेवढंच होतं.

त्यानंतरच्या सकाळी ती वळलेली होती. बाच्या खाटेकडे.

त्या दुपारी बा अंघोळीला गेली. बादली मीच नळाखाली भरून दिली होती. ती बाहेर आली, आणि न्हाणीपासून थेट दाराकडे चालू लागली.

"बा, पाय पूस."

"निघताना पुसत नाहीत."

"कुठं निघालीस?"

"तुझे बापुजी बोलावतायत." ती उंबऱ्याशी थांबून केस बांधत होती. "तिकडे प्यायला मिळत नाही म्हणे."

मी फरशीवर उमटलेल्या तिच्या पावलांकडे पाहिलं. कडेने वाळून ती पांढरी होऊ लागली होती. मी गुडघ्यावर बसले आणि ओलं फडकं फिरवलं.

पाऊल निघालं.

परत फिरवलं. दुसरंही निघालं. बोट जिभेवर ठेवायला मला धीर होईना. ठेवलं.

मीठ.

मी उठले. टाक्यातून पाणी काढलं. बापुजींचा पितळी लोटा काठोकाठ भरून पाणियाऱ्यावर ठेवला. वात तुपात बुडवली. काडी दोनदा विझली, मग लागली.

"विझव!" बा धावत आली. "विझव आधी! जित्या माणसाचा दिवा लावतेस?"

तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता, ओला, आणि त्याला बंदराचा वास होता.

मग तिची पकड सैल झाली. ती लोट्याकडे बघत होती.

लोट्यातलं पाणी उतरत होतं.

एकदम नाही. घोटाघोटाने. मध्ये थांबत होतं, श्वास घ्यावा तसं, आणि पुन्हा उतरत होतं. पितळेचा तळ दिसला.

बाने माझं मनगट सोडलं आणि दाराकडे एक पाऊल टाकलं. मी तिचा पदर मुठीत धरला, आणि घरात कुणीच उच्चारला नव्हता तो शब्द मोठ्याने उच्चारला.

"बापुजी, तुम्ही बुडालात. पाणी मी रोज ठेवीन. बाला नेऊ देणार नाही."