काढलेला उंबरठा

बाइंडिंगचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्या जागेत वस्तीसाठी पुस्तकांचं दुकान करायचं ठरलं आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे, वस्तीच्या समितीचे उंबरठे झिजवून मी ते मिळवलं. आणि मिळाल्यावर पहिलं काय केलं, तर उंबरठाच काढला.

पुढची आणि मागची खोली यांच्यामध्ये तो होता. लाकडी, घोट्याच्याही वर येणारा, मधोमध झिजून खोलगट झालेला. जुनं जपायचं आणि आजच्या माणसांची सोयही बघायची, असं समितीचं म्हणणं. म्हणून पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र जागेवरच ठेवलं, उंबरठ्याला पॉलिश करून पुढच्या खोलीत त्याचा बाक केला आणि दारातली जमीन सपाट करून घेतली.

खरं कारण ताई. माझी थोरली बहीण अपघातापासून चाकाच्या खुर्चीत आहे, कमरेखाली तिला काही जाणवत नाही. घरात बसून ती पार आंबून गेली होती. दुकान तिने चालवावं असं मीच सुचवलं. समितीच्या अध्यक्षांनी मान हलवली, पण अट घातली. "बाईंना दोन्ही खोल्यांत कुणाच्या मदतीशिवाय फिरता आलं तर आमची ना नाही. नाहीतर दुसरं कुणीतरी बघू."

पहिल्यांदा सुतारकाकांनी पाय उचलला. मोकळ्या दारातून जाताना, काहीतरी ओलांडावं तसा.

"काका, उंबरठा तुम्हीच काढलात ना?"

"सवय हो, दुसरं काय! इतकी वर्षं येजा केलीये इथे."

मी हसलो. अध्यक्षांनीही उचलला. तेही जुनेच, त्यांचीही सवय. पण मग खोकी घेऊन कुरिअरवाला आला. ही जागा त्याने कधी पाहिलेली नव्हती आणि हातातल्या खोक्यांमुळे त्याला पुढची जमीनही दिसत नव्हती. दारात त्याने बेताने पाय उचलला आणि पलीकडे टाकला. त्याच वेळी मला पुस्तकं चिकटवायच्या ओल्या खळीचा वास आला.

मी लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. हात फिरवून पाहिला, तर गार, गुळगुळीत फरशी. मग पाय उचलायचा नाही असं स्वतःला बजावत, पाय घासत गेलो आणि बोटं अशी ठेचकाळली, की डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना, दाढी करताना ते दार डोळ्यांसमोरून हटत नव्हतं. ताईला मात्र काही बोललो नाही. कुठली पुस्तकं दर्शनी लावायची, यावर ती घरात सगळ्यांशी भांडत होती. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

समिती संध्याकाळी पाहायला येणार होती. दुपारीच ताईला घेऊन आलो. पुढच्या खोलीत तिने खुर्चीची एक गिरकी घेतली.

"साहेब, एवढी अक्कल तुम्हाला कधी आली?"

मग ती दाराकडे वळली.

खट्.

चाकं लाकडावर थडकावीत तसा आवाज. तिने पुन्हा रेटलं. खट्.

"उंबरठा काढलाय म्हणालास ना?"

"काढलाय. हा काय, त्याचाच बाक."

"मग हे काय आहे?"

मी मागून जोर लावला. खुर्ची तसूभर हलली नाही. ताईचा चेहरा पडला.

"एखादी फळी आण," ती म्हणाली. "उतार करू."

सपाट जमिनीवर उतार! तरीही मी फळी शोधायला बाहेर पळालो.

परत आलो, तर खळीचा वास घशाशी येत होता. खुर्ची दारापाशीच होती. ब्रेक लावलेला.

रिकामी.

"जमलं रे!" मागच्या खोलीतून ताईचा आवाज आला. आनंदाने चिरकलेला. "नुसता पाय उचलायचा होता!"

मी फळी टाकून धावलो. पाय उचलायचं भान राहिलं नाही, आणि या वेळी पायाला काहीच लागलं नाही.

आत नवी कपाटं होती. खिडकी बंद होती. दुसरं दार त्या खोलीला नाही.

हाका मारून माझा घसा बसला. वास केव्हाच विरून गेला होता. समिती आली. सगळे बोलत बोलत दारातून सरळ आत गेले. एकानेही पाय उचलला नाही.

अध्यक्षांनी ब्रेक काढला, रिकामी खुर्ची एका बोटाने आत ढकलली आणि तशीच अलगद बाहेर आणली.

"छान," ते म्हणाले. "बोलवा आता बाईंना."