चढाला लागलेलं पाणी

आमच्या गल्लीत कोण कसं आहे ते मला कचऱ्यावरून कळतं. कोपऱ्यावरचे डॉक्टर लोकांना सिगारेट सोडायला सांगतात. त्यांच्या दारातली थोटकं मीच उचलतो. पाववाली गिऱ्हाइकाला सांगते काही उरलं नाही, आणि शिळे पाव गुपचूप पिंपात लोटते. मी मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. पॅरिसमध्ये हिरव्या कपड्यातला झाडूवाला म्हणजे दिव्याचा खांब. त्याला वळसा घालायचा, एवढंच.

एकटी लेस्को बाई पहिल्या मजल्यावरून हाक मारायची. विधवा, जिभेला तिखट.

"गास्पार, ते पान राहिलं बघा. नगरपालिका झोपायचा पगार देते का तुम्हाला?"

"मुद्दाम ठेवलंय, मादाम. उद्या बोलायला विषय नको का?"

दिवसभरात माझं नाव घेणारं दुसरं तोंड नव्हतं.

काम सोपं. गल्लीच्या वरच्या टोकाला चावी फिरवायची, पाणी फुटपाथलगतच्या नालीत सोडायचं. पाणी वळवायचं तिथे जुन्या गालिच्याची, सुतळीने बांधलेली वळकटी आडवी टाकायची, आणि झाडत झाडत उताराने निघायचं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी पाणी मध्येच थबकलं. मग वळलं, फुटपाथची कड चढलं आणि केरवेल मोच्याच्या दाराशी गेलं. उंबरा चाटून परत नालीत उतरलं. मी म्हटलं, दगड खचला असेल.

दुसऱ्या दिवशी मोच्याचं शटर बंद. कडांना जुनाट गंज.

"केरवेल आजारी आहे का हो?" मी पाववालीला विचारलं.

"कोण केरवेल?"

"मोची. तुमच्या या बुटांची टाच त्यानेच लावली की."

तिने पायांकडे पाहिलं. "मी इथे आले तेव्हापासून ते दुकान बंद आहे. सकाळी सकाळीच चढवलीत का?"

शटरच्या आत हातोडी चालू होती. मला ऐकू येत होती. तिला नाही.

केरवेलला बायको नव्हती, पोर नव्हतं. बोलायला येणारं कुणी नव्हतं. असं माणूस गल्लीत आणखी कोण, हे मला झाडूवाल्याला कुणी सांगायला नको होतं.

आठवड्याने पाणी लेस्को बाईच्या दारापुढे थबकलं.

मी वळकटी टाकली. पाणी तिच्यावरून चढलं. दुसरी टाकली. तिच्यावरूनही.

मग मीच मध्ये उभा राहिलो.

"हा कसला नाच, गास्पार?" वरून आवाज आला.

"काही नाही, मादाम. खिडकी लावा. आत जा."

पाणी माझ्या बुटांशी आलं. बुटांभोवती सावकाश फिरलं. ते कोमट होतं.

मग मुकाट उताराला लागलं.

दुसऱ्या सकाळी तिची खिडकी उघडी दिसली. माझा जीव भांड्यात पडला.

"कशा आहात, मादाम लेस्को?" पाववालीने दारातून विचारलं.

"कशी असणार! इतकी वर्षं झाली, या गल्लीला एक झाडूवाला द्यायला होत नाही या नगरपालिकेच्याने."

मी तिच्या खिडकीखालीच उभा होतो. "मादाम," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं.

ती आत गेली. फरशी पुसलेल्या पाण्याची बादली घेऊन आली. बाई मोठी सावध. पाणी टाकण्याआधी खाली कुणी आहे का ते बघणारी. तिने वाकून नीट पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर सावकाश फिरली.

मग तिने बादली ओतली.