मास्तरांचा आठवडा

शाळा मी आठवीतच सोडली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण गोष्ट खरी आहे. आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांनी सांगितली, तशीच लिहितो.

काका रात्री साडेनऊला आमच्या खोलीत फ्यूज बघायला आले होते. फ्यूज ठीक होता, लाइटच गेली होती. आम्ही तिघं मित्र अंधारात बसलेलो. एकजण म्हणाला, बसा की काका, अंधारात जिना कशाला उतरता. काका बसले. मग म्हणाले, जिन्यावरून आठवलं. आणि सांगू लागले.

माझ्या ओळखीचा एक बाइंडर होता. छापखान्यात पुस्तकं शिवायचा. हात सोन्याचा, तोंड मात्र तिखट. दुसऱ्या मजल्यावर राहायचा, तो आणि त्याची बायको. समोरच्या दारात एक टेलर मास्तर. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन दारं, मध्ये तीन पावलांची जागा, आणि तिथून खाली उतरणारा अठरा पायऱ्यांचा जिना. त्या जिन्याची वायर मीच ओढलेली. होल्डर एकच, सामाईक. म्हणून दोघांनी ठरवलेलं, एक आठवडा बल्ब तुझा, एक आठवडा माझा. रविवारी संध्याकाळी एकानं आपला बल्ब काढायचा, दुसऱ्यानं आपला लावायचा. मास्तरांचा पिवळा, याचा पांढरा. खालची माणसं उजेड बघून सांगायची, आज कुणाचं राज्य आहे ते. सोळा वर्षं हे असं चाललं. वहिनींना, म्हणजे बाइंडरच्या बायकोला, दम्याचा त्रास. थंडी पडली की मास्तर उरलेल्या कापडाचं काहीतरी उबदार शिवून आणून द्यायचे, आणि वर म्हणायचे, माप चुकलं असेल तर शिव्या बाइंडरला द्या, त्यानंच सांगितलंय.

एका रविवारी बाइंडरचा नवा बल्ब सापडेना. होल्डरला शेवटचा हात मास्तरांचा लागलेला, म्हणून हा जिन्यात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, शिलाईतलं कापड मारून पोट भरत नाही वाटतं, आता बल्ब पण लागतो. मास्तर आत गेले, दार लावून घेतलं.

त्यानंतरही मास्तरांच्या आठवड्यात पिवळा दिवा लागायचा. याच्या आठवड्यात मात्र जिना काळा ठिक्कर. मुद्दाम. दुसरा बल्ब आणायचाच नाही, असं यानं ठरवलेलं. बायको सांगून थकली.

अशाच एका अंधाऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला जिन्यात काहीतरी धाडकन पडलं. मग आवाज आला. "अहो शेजारी…"

एकदाच.

बायको आतून म्हणाली, काय पडलं हो? हा म्हणाला, मांजर असेल. त्याला वाटलं, मास्तर सोंग करतायत. दिवा लावायला लावतायत. यानं कूस बदलली.

सकाळी दूधवाल्याला मास्तर जिन्याच्या वळणावर सापडले. अंग गार पडलेलं.

 

मास्तरांचा पुतण्या आला, सगळं उरकलं, दाराला कुलूप घालून गेला. पंधरा दिवसांनी बाइंडरच्या जुन्या कोटाच्या खिशात तो नवा बल्ब निघाला. दुकानातून आणताना त्यानंच ठेवलेला. त्या दिवसापासून जिन्यात रोज दिवा. याचा आठवडा असो, नाहीतर मास्तरांचा.

आता ऐका. सतरा नोव्हेंबर. सोमवार संपून मंगळवार लागलेला, दोन वाजून दहा मिनिटं. हिशोबानं आठवडा मास्तरांचा होता. वहिनींचा दमा उसळला आणि तोंडात मारायचा पंप संपलेला. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान रात्रभर उघडं असतं, जाऊन यायला दहा मिनिटं. हा म्हणाला, पडून राहा, हा गेलो आणि हा आलो. दार उघडलं आणि सगळ्या गल्लीची लाइट गेली. मोबाइल बंद पडलेला. आतून वहिनींचा श्वास ऐकू येत होता. शिट्टीसारखा. थांबायला वेळ नव्हता.

कठडा धरून तो निघाला.

एक पायरी. दोन. तीन. चौथीवर पाय हवेत राहिला. पायरी सापडेना.

आणि कुणीतरी त्याचं कोपर धरलं.

हळूच. म्हाताऱ्या माणसाला धरतात तसं. एक बोट गार होतं. लोखंडासारखं. मास्तर सुई टोचू नये म्हणून बोटात टोपण घालायचे, आणि ते काढायला कायम विसरायचे…

"डावा पाय आधी."

त्यानं डावा पाय टाकला. पायरी मिळाली.

"आता वळण आहे. भिंतीला चिकटून चला."

भिंतीला चिकटला. त्याच वळणावर.

 मास्तर, बल्ब माझ्याच खिशात होता. त्याला एवढंच म्हणायचं होतं. नऊ पायऱ्या उरलेल्या. आठ. सात… तोंड उघडायचं, आवाज फुटायचा नाही. सोळा वर्षं ज्या माणसाला काहीही बोलला, त्याला आज एक वाक्य सांगता येईना.

तीन. दोन…

"जा. वहिनींना त्रास होतोय."

कोपर सुटलं.

तेव्हा त्याला आवाज फुटला. अंधारात बोलला, मास्तर, मला ऐकू आलं होतं. त्या रात्री मला ऐकू आलं होतं.



पंप घेऊन तो परत आला. लाइट आली नव्हती. पण आता त्याला घाई असूनही तो प्रत्येक पायरीवर थांबला. कोपर अंगापासून जरा लांब धरून. कुणी धरलं नाही. अठराच्या अठरा पायऱ्या एकटा चढला.

घरात शिट्टी थांबलेली.  चाचपडत गेला. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, पाठीमागं उशी नीट लावलेली. श्वास संथ. पंप हातात घेत म्हणाल्या, मघाशी मान धरून पाणी पाजलंत, त्यानंच बरं वाटलं. हा म्हणाला, मी तर आत्ता आलो. त्या म्हणाल्या, झोपेत असाल, बसा.

पावणेतीनला लाइट आली. उशाशी काचेचा ग्लास होता. कडेला निळी रेघ. असला ग्लास यांच्या घरात कधीच नव्हता. मास्तरांकडे होते तसले. यानं दार उघडून समोर बघितलं. कुलूप जागच्या जागी, त्यावर धूळ.

वहिनी पुढं चार वर्षं जगल्या. बाइंडर अजून आहे. रोज रात्री तो ग्लास भरून मास्तरांच्या दाराशी ठेवतो. सकाळी उचलतो. पाणी तेवढंच असतं.

काका उठले. लाइट आलेली नव्हती. आम्ही तिघंही त्यांच्याबरोबर खालपर्यंत गेलो, त्यांचं कोपर धरून. 

मला झोप लागली नाही. आमच्या भिंतीपलीकडे एक आजी राहतात. त्यांचा रेडिओ मोठा असतो म्हणून मागच्या महिन्यात मी भिंतीवर मुठी आपटल्या होत्या. तेव्हापासून रेडिओ बंद आहे.

सकाळी सव्वासातला त्यांचं दार वाजवलं. खाली बघून पुटपुटलो, आजी, त्या दिवशी भिंतीवर मीच मारलं होतं, चुकलं माझं. त्यांनी कानाला हात लावला. म्हणाल्या, "मोठ्यानं बोल बाळा, ऐकू येत नाही."

मी परत सांगितलं. मोठ्यानं. जिन्यातल्या माणसांनी वळून बघितलं, तरी सांगितलं.