काही पानं उघडतात, काही नाही

ही गोष्ट खरी आहे. मला गोष्टी रचता येत नाहीत आणि माझ्या मावशीला तिखटमीठ लावता येत नाही. तेव्हा यात वाढवलेलं काही सापडणार नाही. सांगायचं राहून गेलेलं मात्र असेल.

वार बुधवार. वेळ भर दुपारची. जागा मावशीच्या फ्लॅटमधली मागची खोली.

भुतं रात्रीच येतात, असं तोवर मीही समजत होतो.

मावशी एकटी राहते. लग्न केलं नाही, मांजरही पाळलं नाही. इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीच्या मदत केंद्रात ती काम करते, तेही घरून. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची पाठ. दिवसभर लोक तिच्याशी बोलतात, पण बंद पडलेल्या वस्तूंबद्दल. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

त्या बुधवारी एका आजींनी विचारलं.

"जेवलात का बाई?"

मावशी गोंधळलीच. "नाही... म्हणजे जेवेन आता. बोला ना, काय अडचण आहे?"

"अहो, माझ्या कॉम्प्युटरवर काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत. कोड्यांची उघडते, विणकामाची उघडते. विमानतळाची तेवढी उघडत नाही. मेलही नाही. आज मुलगा येतोय ना! विमान वेळेवर आहे का, एवढंच बघायचंय."

अशा तक्रारीसाठी कंपनीचा क्रम ठरलेला आहे. आधी ब्राउझरचा इतिहास पुसायचा. मग दुसरा ब्राउझर लावून बघायचा. मग राउटर बंद करून चालू करायचा. कॉम्प्युटरची तारीख सगळ्यात शेवटी. क्रम मोडायचा नाही, अशी सक्त ताकीद.

"आजी, आधी इतिहास पुसून टाकू."

"पुसा की! माझा इतिहास आहेच केवढा? एक नवरा, एक मुलगा आणि गुडघेदुखी."

मावशी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

आजींच्या मागे भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. किटलीत पाणी सूं सूं करू लागलं होतं.

इतिहास पुसून उपयोग झाला नाही. दुसऱ्या ब्राउझरनेही हात टेकले. मावशी म्हणाली, "आता राउटर बंद करून परत चालू करा."

"पण फोन त्याच डबड्यावर आहे हो. तुम्ही जाल की."

"परत लावा ना आजी. मीच उचलेन."

फोन बंद झाला.

परत आला तो दुसऱ्या दिवशी. त्याच वेळी.

"जेवलात का बाई? अहो, माझ्या कॉम्प्युटरवर काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत..."

मावशीला वाटलं, विसरभोळ्या आहेत. वय झालं की व्हायचंच. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इतिहास पुसा म्हटल्यावर नवरा, मुलगा आणि गुडघेदुखी आली. किटलीची सूं सूं त्याच जागी सुरू झाली. राउटरपाशी फोन तुटला.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही.

"आज मुलगा येतोय ना!"

आवाजातला आनंद रोज तेवढाच. ताजा.

आणि किटली... किटली कधी उकळतच नव्हती.

हे मावशीच्या लक्षात आलं होतं, पण तिने मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर ती आता त्या फोनची वाट बघायला लागली होती. एरवी चारपर्यंत उपाशी बसणारी बाई हल्ली वेळेवर जेवायची. आजींनी विचारलं, तर खरंखुरं "हो" म्हणता यावं म्हणून.

मग सुपरवायझरचा फोन आला.

"मॅडम, रोज दुपारी कुणाशी बोलता?"

"गिऱ्हाईकाशी. दुसऱ्या कुणाशी बोलणार?"

"पण त्या वेळेत आमच्याकडे कॉलच दिसत नाही. तुमच्या हेडफोनचं रेकॉर्डिंग ऐकलं मी. मॅडम... तुम्ही एकट्याच हसताय."



दुसऱ्या दिवशी फोन उचलायचाच नाही, असं तिने ठरवलं. फोन वाजला. वाजत राहिला.

तिने उचलला.

"जेवलात का बाई?"

"जेवले, आजी."

मावशीला कळून चुकलं होतं. ठरल्या क्रमाने गेलं तर आजी राउटरपाशी तुटणार आणि उद्या परत येणार. परवाही येणार. आजी विमानाची वाट बघत बसणार आणि मावशी आजींची. दोघींचं चालू राहिलं असतं.

पण त्यांना एवढंसंच तर बघायचं होतं...

मावशीने क्रम मोडला.

"आजी, आधी मला सांगा, स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

आजींनी वाचली. सावकाश, चष्मा सावरत वाचावी तशी.

सात वर्षांपूर्वीची तारीख होती.

"चुकलीय ती, आजी."

"चुकेल कशी? आजचीच आहे. आज मुलगा येतोय ना!"

मावशीने समजावलं. ज्या साइटवर कुलपाची खूण असते, त्या आधी तारीख तपासतात. जुळली नाही तर आत घेत नाहीत. बाकीच्या कसलीच चौकशी करत नाहीत, म्हणून त्या उघडतात.

"असं होय! मग लावून द्या बाई बरोबर."

मावशीने सांगितलं. तारखेवर क्लिक करा. 'वेळ आपोआप लावा' असं दिसेल. ते चालू करा.

क्लिक.

भिंतीवरच्या घड्याळाची टकटक थांबली...

मग किटलीही गप्प झाली.

"अगबाई! उघडला की मेल!"

टिंग.

टिंग... टिंग... टिंग...

"किती हे! सगळे त्याचेच. 'आई, उतरलो.' बघा, वेळेवर आलं विमान! 'आई, टॅक्सीत आहे.' 'आई, दारात उभा आहे, बेल वाजवतोय.' 'आई, फोन का उचलत नाहीस?' 'आई, दार उघड.'"

आजी थांबल्या. पुढचं बोलणं हळू आलं.

"'आई, तुला जाऊन आज वर्ष झालं.'"

मावशीने हेडफोन कानाशी दाबून धरले.

"जाऊन? कुठे गेले मी? घरातच तर आहे."



पलीकडे आता घड्याळ नाही. किटली नाही. श्वाससुद्धा नाही.

"दारात ताटकळत ठेवलं मी पोराला," आजी म्हणाल्या. "थांबा हं. आधी त्याला कळवते."

टक... टक... टक... एकेक अक्षर शोधून दाबल्यासारखं.

खुर्ची सरकली. चपला घासत लांब गेल्या. कुठेतरी दूर कडी निघाली.

मग काही नाही.

फोन तुटला नाही. मावशीनेही ठेवला नाही. समोरची भिंत अंधारून दिसेनाशी होईपर्यंत ती ऐकत बसली होती.

त्यानंतर आजींचा फोन आला नाही.

पुढच्या आठवड्यात एका माणसाचा आला. आवाज दबलेला.

"तुमच्या कंपनीवरचा माझ्या आईचा मेल कुणीतरी हॅक केलाय बहुतेक. आई जाऊन सात वर्षं झाली. मी परदेशातून आलो त्या दुपारी बेल वाजवत राहिलो, शेवटी दार तोडलं. कॉम्प्युटरसमोरच होती. तरी मी अजून तिला मेल करतो. वेडेपणा आहे, माहितेय. पण गेल्या आठवड्यात... उत्तर आलं."

"काय आलं?"

"'आले रे, थांब. दार उघडते.'"

अशा वेळी पहिल्यांदा पासवर्ड बदलायला सांगायचं असतं. मावशीच्या समोर स्क्रीनवर तेच लिहिलेलं होतं.

"पासवर्ड बदलू का?" त्याने विचारलं. मग घुटमळून म्हणाला, "पण बदलला तर... तिला परत लिहिता येणार नाही ना?"

"नका बदलू," मावशी म्हणाली.

ती नोकरी तिने नंतर सोडली. मी अधूनमधून तिच्याकडे जातो. आम्ही इकडचं तिकडचं बोलतो. मध्येच ती दर वेळी मला एकच प्रश्न विचारते.

"मी तिला दार उघडायला लावलं. बाहेर तर सात वर्षं कुणीच उभं नव्हतं. दार उघडल्यावर तिला कोण दिसलं असेल रे?"

मी चहाचे कप उचलून आत जातो.