सायकलवरचं बाशिंग

हौसाआत्या आणि तिच्या हातातलं बाशिंग मुहूर्ताआधी डोंगराखालच्या मांडवात पोचवायचं, एवढीच आमची मोहीम!

साल चौऱ्याऐंशी, वैशाख महिना. मिरजोळ्याच्या कारखान्यातली रात्रपाळी आटोपून मी सायकल दामटत घरी आलो, तर चुलत भावाच्या, दादूच्या लग्नाची गाडी निघून गेलेली. आत्या गोठ्यात गुरांना पाणी दाखवायला गेली होती. ती पुढे बसली असेल असं मागच्यांना वाटलं, मागे बसली असेल असं पुढच्यांना! आणि पोरांच्या हाती लागू नये म्हणून आढ्याला टांगलेलं बाशिंगही घरातच राहिलं.

"बाशिंगाबिगर दादू बोहल्यावर उभा ऱ्हायल कसा?" आत्याचे डोळे भरून आले. "आईविना पोर, मीच वाढवला त्याला. आनि मीच घात केला रं, केरू!"

गाडीरस्ता डोंगराला मोठा वळसा घालतो. रानातली पायवाट जवळची. पण तिला हातभरसुद्धा सरळ जायची सवय नाही. तरी म्हटलं, होऊन जाऊ दे! आत्याला कॅरिअरवर बसवलं आणि कातळाच्या सपाट सड्यावरून झोकात निघालो. कातळ संपला, रान सुरू झालं. ऐन-किंजळीची गार सावली, चाकाखाली कुरकुरणारा पाचोळा, कुठूनतरी पिकल्या फणसाचा घमघमाट. अशा वाटेनं मी लग्नालाच काय, कामावरही आनंदानं गेलो असतो!

पण पहिल्याच उतारावर ब्रेकच्या रबरांनी राम म्हटला. डावं वळण! उजवं वळण! मुळं! धोंडा! घुसलो थेट करवंदीच्या जाळीत!

"मेल्या, मारतोस काय मला?" अंगातले काटे उपटत आत्या ओरडली. बाशिंग मात्र तिनं उंच धरलं होतं.

"ब्रेक गेला, आत्या."

"मंग टाळ लाव की!" तिनं ऐनाचा टाळ, म्हणजे पानांनी भरलेली फांदी मोडली. "म्या मागनं ही फरफटत धरते. सायकल दमानं जाईल."

फांदीला दोन्ही हात हवेत, मग बाशिंग कुठं ठेवायचं? तिनं ते सरळ माझ्या कपाळाला बांधलं.

"आत्या, लग्न माझं नाही, दादूचं!"

"तर काय झालं? एरवी गुडघ्याला बांधून फिरतोस!"

पुन्हा निघालो. टाळ खरखरत होता, धुरळा उडत होता, एकेक वळण मागे पडत होतं. तेवढ्यात ओढ्यावरच्या साकवाअलीकडे, ऐन वाटेत, रानडुकरीण! मागे पिल्लं. तिनं मुंडी खाली घातली. मी घंटी बडवली. ती हलेना!

"हाड्! हाड् गं!" आत्यानं टाळ उचलून तिच्यावर उगारला. टाळ उचलला म्हणजे आमचा ब्रेकच उचलला! सायकल सुटली. डुकरीण दचकून झुडपात पळाली, पिल्लं तिच्यामागे. साकवाच्या फळ्या खडखडल्या. रान संपलं आणि आम्ही मांडवाशेजारच्या पेंढ्याच्या उडवीत घुसलो!

वाजंत्र्यांनी माझं बाशिंग तेवढं पाहिलं आणि सनई सुरू केली.

"नवरा आला! सायकलीनं आला!" नवरीची आई येसूबाई आरतीचं ताट घेऊन धावली. मी तोंड उघडेपर्यंत कपाळाला कुंकू लागलं, ओवाळून झालं, तोंडात साखरही पडली.

"अगं, ह्यो नवरा नव्हं!" आत्या पेंढ्यातून धडपडत वर आली. "नवरा मागनं येतोय!"

मांडव हसून लोटपोट झाला. मी लाजेनं लाल! थोड्या वेळानं गाडी आली. दादू रडवेल्या तोंडानं खाली उतरला. बाशिंग राहिल्याचं वाटेतच लक्षात आलं होतं. आत्यानं ते माझ्या डोक्यावरून काढून त्याच्या कपाळाला बांधलं. दादू वाकून तिच्या पाया पडला आणि इतका वेळ शूरपणे तग धरलेली आत्या ढसाढसा रडली. मलाही भरून आलं. मुहूर्त टळला नाही.

परतताना सगळ्यांनी आत्यासाठी गाडीत पुढची जागा धरून ठेवली. तिनं पदर खोचला आणि थेट माझ्या कॅरिअरवर येऊन बसली.

"आत्या, आता सगळा चढ आहे."

"मंग ढकल की! गाडीत मला मळमळतं."