ठकीचा पट्टा

मांजराचं नवं पिल्लू भुंगा ठकीच्या ताटलीत तोंड खुपसून भात-मासळी मटकावत होता आणि घरची जुनी मांजर ठकी शेजारी पाय पोटाशी घेऊन स्वस्थ बसली होती. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

यामिनीचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मिरजेच्या या तळमजल्यावरच्या घरात पिल्लू आणलं त्याच दिवशी ठकीने त्याचा कान टराटरा फाडला होता. सोडवायला गेलेल्या यामिनीच्या मनगटात नख्या अशा रुतल्या, की टाके घालावे लागले.

"वेगळ्या खोलीत ठेवा पिल्लाला," पशुवैद्य डॉ. मुजावर म्हणाले होते. "एकमेकांच्या अंगाला पुसलेली फडकी अदलाबदल करा. आधी वास ओळखीचा होऊ दे, मग भेट. घाई करू नका."

यामिनीच्या नवऱ्याला, श्रीरंगला एवढा धीर कुठला! तो 'शमक' घेऊन आला. मेंदूत रागाची लाट उसळू लागली, की हा पट्टा ती ओळखायचा आणि मानेतल्या नसांतून विजेचे सूक्ष्म स्पंद सोडून तिथल्या तिथे विझवायचा.

"मुलांसाठीही निघालाय," श्रीरंग म्हणाला. "ऋताच्या बाई विचारत होत्या, लावू का म्हणून."

ऋता त्यांची मुलगी, चौथीतली. तिने वर्गातल्या एका मुलाचा दात पाडला होता. त्यानेच आधी हात पिरगळला, असं ती रडूनरडून सांगत होती. पण तिचं कोण ऐकतो?

शनिवारी दुपारी गॅलरीत धप्पकन आवाज झाला. यामिनी स्वयंपाकघरातून धावत आली. कॉलनीत हुंदडणारा थोराड बोका आत शिरला होता आणि त्याच्या जबड्यात भुंग्याची मान होती. तो पिल्लाला फरशीवर आपटत होता. ठकी दोन हात अंतरावर बसून नुसती बघत होती. तिचे कान मागे पडत, अंगावरचे केस फुलत आणि लगेच पुन्हा बसत. हिरवा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. भुंग्याला टाकून बोक्याने तिच्यावर झेप घेतली, तिचं नाक ओरबाडलं, खांद्याचा लचका तोडला. तिने पंजासुद्धा उगारला नाही.

यामिनीने लाटणं हाणलं, तसा बोका फिरून तिच्या पोटरीला चावला. ती कोसळली.

"ठकी, मार ना गं त्याला!" ऋता किंचाळली. ती सरळ त्या झटापटीत घुसली आणि तिने ठकीच्या पट्ट्याचं बक्कल धरलं. बोक्याने तिचे दोन्ही हात सोलून काढले, तरी तिने बक्कल सोडलं नाही. पट्टा तुटून भिंतीवर आदळला.

मग ठकीच्या घशातून जो आवाज निघाला, तो यामिनीने आजवर कधी ऐकला नव्हता. दोन्ही जनावरांचा एकच गोळा झाला. खुर्ची उलथली, पडदा फाटला, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. शेवटी एक डोळा मिटलेला बोका कठड्यावरून बाहेर पडला. ठकी वळली. तोंड रक्ताने माखलेलं. ती भुंग्याकडे चालत गेली, त्याच्यावर फिस्कारली, एक चापट मारली आणि मग त्याच्यापासून हातभर अंतरावर धापा टाकत बसून राहिली.

संध्याकाळी डॉ. मुजावरांनी ठकी आणि भुंगा दोघांना टाके घातले. भुंगा वाचला होता.

"पट्टा बिघडला होता का?" यामिनीने विचारलं.

"नाही हो, चोख चालला. हल्ल्याचा राग आणि बचावाचा राग मेंदूतून एकाच दाराने बाहेर पडतात. त्याने दार बंद केलं."

घरी श्रीरंग ऋताच्या बँडेज बांधलेल्या हातांकडे बघत राहिला. "पण शाळेत तिला रोज कोण सांभाळणार?" तो हळूच म्हणाला. "सोमवारी बाईंना उत्तर द्यायचंय, यामिनी. पट्ट्याला होच म्हणूया."

यामिनी काही बोलायच्या आत ऋताने मान वर केली.

"बाबा, ठकीचा पट्टा मी काढला. माझा कोण काढेल?"