एक परस

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणा. खोटं लिहिण्यात माझी पदवी आहे, तीही फर्स्ट क्लास. पण हे खरं आहे.

तारीख १५ मे २०२४. दुपारचे बारा. जागा भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढची एक वस्ती. वस्तीचं नाव सांगणार नाही. तिथल्या लोकांना माझ्यापायी झाला तेवढा त्रास बस झाला.

मी अफ्रीन, बदनापूरची. तेव्हा एमएस्सीला होते. विषय नैसर्गिक साधनसंपत्ती आणि संवर्धन. नाव मोठं, काम साधं. दर महिन्याच्या पंधरा तारखेला, बराबर बाराला, वस्तीच्या विहिरीचं पाणी मोजायचं. टेपला वजन बांधून खाली सोडायचं, वजन पाण्याला टेकलं की आकडा लिहायचा. शेजारच्या रकान्यात, सोबत कोण होतं त्याचं नाव.

सोबत असायच्या सगुणाबाई. साठीच्या पुढच्या, अंगाने काडी, तोंडाने फटकळ. मी वरून टेप सोडायचे. त्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी जायच्या आणि वजन टेकलं की टेपला दोन हिसके द्यायच्या.

माझं मीटर त्यांना बिलकुल मंजूर नव्हतं.

"तुझं मीटर-फिटर तुझ्याजवळ ठेव. इहीर परसानं मोजतेत. माणूस हात वर करून उभा राह्यला की झाला एक परस. आपली इहीर सहा परसाची."

"मावशी, आमच्या सरांना परस चालत नाही."

"मंग सरालाच उतरव खाली!"

आणि स्वतःच खो खो हसायच्या. निघताना अम्मीसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या. अम्मी डबा धुऊन परत पाठवायची, त्यात शीरखुर्मा नाहीतर खजूर. एवढं आमचं होतं.

जानेवारीपर्यंत मी नेमाने गेले.

फेब्रुवारीत मामाच्या मुलीची शादी निघाली. मी वस्तीवर गेलेच नाही. घरी बसून अंदाजाने आकडा टाकला. मार्चात रोजे होते. अम्मी म्हणत होती, "काम है तो जाके आ ना बेटी." मी रोज्याचं निमित्त केलं. एप्रिलात ईदचे पाहुणे.

तीन महिने पलंगावर बसून कागदी घोडे नाचवले. नऊ मीटर, साडेनऊ मीटर, दहा मीटर. विहीर बारा मीटरची. म्हणजे माझ्या कागदावर एप्रिलातही तळाला एक परस पाणी होतं.

सोबत: सगुणाबाई. तीनदा लिहिलं.

आमच्या विभागाचे आकडे दर महिन्याला तालुक्याला जायचे. मला माहीत होतं ते. म्हटलं, तिथं कोण वाचतंय? आपल्या बापाचं काय जातंय?

मे महिन्यात शेवटचं माप घ्यायला मात्र गेले.

वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. नेहमी अंगावर येणारं कुत्रं सावलीत बसून नुसतं बघत होतं. भुंकलं नाही.

"सगुणामावशी!"

काहीच नाही...

परत हाक मारली. आणि...

विहिरीतून आवाज आला.

"हाय की. सोड."

खरं सांगते, मला बरं वाटलं. तीन महिने फिरकले नाही म्हणून शिव्या बसणार होत्या, त्या टळल्या. मी टेप सोडला.

पाच... आठ... नऊ... दहा.

दोन हिसके.

पण पाण्याचा आवाज आला नाही.

"किती, मावशी?"

"एक परस, माय. तू लिव्हलं तेवढंच."

मी वहीत लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. मी काय लिहिलंय ते मावशींना कुणी सांगितलं?

"कोणासंगं बोलून राह्यल्या मॅडम?"

मागे भुजंग उभा होता. त्यांचा मुलगा. डोक्यावर नुकतेच उगवलेले बारीक केस.

"मावशींशी. खाली आहेत ना."

तो काठाशी आला.

"आई दोन एप्रिलला गेली."

...

"इहीर फेब्रुवारीलाच आटली, मॅडम. टँकर मागितला. तालुक्याला म्हणे, तुमच्या इहिरीत पाणी हाय, कॉलेजचा कागद हाय तसा. मंग आई खाली उतरायची, झिऱ्याचं पाणी वाटीनं भरायला. त्या दिशी पाय निसटला, मोडला, पायऱ्या चढता येईनात. आम्ही समदे पाण्यालाच लांब गेल्तो. आलो तवा भिताडाला टेकून उभी व्हती. हात वर करून... वरून कुणी ओढून घेईल म्हणून. तशीच गेल्ती."

हात वर करून उभा माणूस.

दोन एप्रिलला ती बाई मेली आणि पंधरा एप्रिलला मी तिचं नाव सोबत म्हणून लिहिलं.

मी वाकून पाहिलं. तळ ठणठणीत कोरडा. एक पितळी वाटी उलटी पडलेली. माणूस नाही, सावलीसुद्धा नाही. पण वजन तळाला टेकलं नव्हतं. तळापासून एक परस वर ते तसंच थांबलं होतं. मी टेप ढिला सोडला, तरी खाली जाईना...

मी वहीत लिहिलं. कोरडी.

टक्.

वजन दगडावर पडलं.

भुजंगला मी खरं सांगितलं नाही. माझा चेहरा बघून त्यानेच मला त्याच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी ते प्यायले. थू माझ्या जिनगानीवर.

सरांना मात्र सगळं सांगितलं.

"आता कशाला? ग्राफ किती सुंदर आलाय. आणि गेलेली बाई परत येणार आहे का?"

मीही गप्प बसले. प्रबंध जमा झाला. त्याच जोरावर जालन्यात एका संस्थेत नोकरी लागली. काम काय, तर गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजणं. हसा.

तेव्हापासून विहीर कुठलीही असो, कोरडी असली की टेप तळाच्या एक परस वर अडकतो. दोन हिसके बसतात. मी "कोरडी" लिहिते, मग सुटतो. सवय झाली असेल म्हणाल, तर नाही झाली.

गेल्या महिन्यात आष्टीजवळ माप घेत होते. भर दुपार. काठावर गावातली एक बाई घागर घेऊन उभी होती. तिने खाली वाकून पाहिलं आणि एकदम मागे सरली.

"मॅडम, खाली तर कुणीच न्हाई. मंग टेप कुनी धरलाय?"

मी पटकन लिहिलं. कोरडी.

टेप सुटला नाही.

पुन्हा लिहिलं, ठळक, कागद फाटेपर्यंत.

आणि खालून, अगदी हळू...

"इथं न्हाई, माय. तिथं लिव्ह."

प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पान एक्केचाळीसवर माझे ते तीन आकडे. जालन्याहून बसने दीड-दोन तास लागतात.

मी अजून गेलेले नाही.